खोलीतली ओल

धानोऱ्याच्या पुढे जंगलात आमची एक खोली आहे. बाहेरून ती शौचालयासारखी दिसते, आणि तसा समज काहींनी करून घेतलाही आहे. जमिनीखालून प्रकाशाच्या रूपात फोन नेणारी फायबर तिथे वर येते. आत आलेला अशक्त प्रकाश यंत्र जोरदार करतं आणि पुढे पाठवतं. त्याच फायबरमधून आणखी एक बारीक प्रकाश जातो. तो कोणाचे फोन नेत नाही. खोलीत सगळं ठीक आहे का, एवढंच नागपूरच्या ऑफिसला सांगतो. मोठं यंत्र त्याला विचारतही नाही. त्यामुळे जंगलाचा लांब पल्ला पार करताना तो बिचारा विझायचा, आणि नागपुरात आमची खोली कायम बंद दिसायची.

म्हणून ऑफिसने तिथे भाऊंना चौकीदार ठेवलं. त्यांनी सकाळ-संध्याकाळ फोन करून "सगळं ठीक" म्हणायचं. पायाखालून जगाचे फोन जात होते, पण रेंजसाठी भाऊंना टेकडीवर चढावं लागे. यात कोणालाही काही चमत्कारिक वाटत नसे.

एका एप्रिलमध्ये त्या बारीक प्रकाशाचा जोर वाढवणारं कार्ड आलं आणि ते बसवायला मला पाठवलं. भाऊंनी काळा चहा दिला आणि शेजारी उकिडवे बसले.

"सायेब, हे लागलं का मंग फोन कोन करन?"

"हेच करेल."

"मंग मी?"

मी स्क्रू शोधू लागलो. स्क्रू हातातच होता.

"मंग आमाले पुन्ना मिरची तोडाले तेलंगणात जा लागन," भाऊ म्हणाले. "पोरगी यंदा दहावीत जाते."

या नोकरीआधी नवरा-बायको दरवर्षी मिरचीला जात आणि पोरीची शाळा तेवढे महिने बुडे. मला फार वाईट वाटलं. ऑफिसचा रागही आला. कार्ड मात्र बसवलं, कारण नोकरी मलाही होती.

नागपुरात खोली जिवंत दिसली. तिथल्या साहेबांना इतका आनंद झाला की महिनाअखेर भाऊंना काढायचं त्यांनी लगेच ठरवलं.

त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस आला. भाऊंनी खोलीमागे वाळत घातलेला मोह भिजला. इकडे कोणीही केलं असतं तेच त्यांनी केलं: ओली मोहफुलं गोळा करून कोरड्या, उबदार जागी पसरली. म्हणजे खोलीत, आमच्या यंत्राच्या बॅटऱ्यांभोवती.

नागपुरात लाल दिवा लागला. खोलीत दमटपणा, तोही धोक्याच्या वर! संध्याकाळी भाऊंचा फोन गेला, तेव्हा साहेबांनी त्यांनाच पाहायला पिटाळलं. भाऊंनी मोह उचलून घरी नेला. दिवा हिरवा झाला. साहेबांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं की अशा नाजूक ठिकाणी माणूस हवाच.

दुसऱ्या दिवशी मी तपासणीला गेलो. दार उघडताच मोहाचा वास आला, आणि साहेबांचा नाजूकपणा मला कळला. ओल दिसली म्हणून नोकरी वाचली, हे मी भाऊंना सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला आणि पुन्हा पडला.

"पन सायेब, मोह तर महिनाभरच रायते."

बाहेर दोरीवर त्यांचं धोतर निथळत होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. मग भाऊंनीही पाहिलं.

पोरगी आता बारावीत आहे. खोलीत अधूनमधून ओल येते.