अंगठा उमटेना

आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिलाई मशीन दुरुस्त करणारी एक बाई राहते. सगळे तिला मशीनमावशी म्हणतात. बंद पडलेलं मशीन समोर आलं की ती आधी चाकावर हात ठेवते, नाडी बघावी तशी ते हळूहळू फिरवते आणि मगच पेचकस उचलते.

तिचा नवरा गवंडी. दोघांनी मिळून घर बांधलं, विटा तिने वाहिल्या, भिंती त्याने उभ्या केल्या. कागदावर नावं दोघांची. पण त्या भिंतींवर गवंड्याचा असा जीव, की साधा खिळा ठोकायचा तरी त्याची परवानगी लागे. पुढे पटेनासं झालं आणि आदळआपट न करता दोघांनी फारकत घेतली. गवंडी बहिणीकडे राहायला गेला. मावशीला पुढची भिंत फोडून दुकानाचं दार काढायचं होतं, तेही कुणाला न विचारता. म्हणून घर तिला एकटीच्या नावावर हवं होतं. गवंडी दिलदार, आपला हिस्सा सोडायला लगेच तयार झाला.

पण नोंदणी कचेरीत घोडं अडलं. यंत्रावर त्याचा अंगठा उमटेना. तीस वर्षं सिमेंट कालवून रेषाच झिजलेल्या. कारकून म्हणाला, आठ दिवस सिमेंटला हात लावू नका, मग या.

नवव्या दिवशी गवंडी मावशीला न्यायला भल्या सकाळी दारात आला. ती आत केस विंचरत होती. त्याला पायरीचा उडालेला टवका दिसला, कोपऱ्यातलं उरलेलं सिमेंट दिसलं. ती बाहेर येईतो याचे हात मनगटापर्यंत राखाडी. कचेरीत यंत्राने पुन्हा नकार दिला. कारकुनाने कपाळाला हात लावला.

मावशी तरातरा पुढे चालत घरी आली. मग तिने पायरी पाहिली. अशी गुळगुळीत, की मुंगीसुद्धा घसरावी. रागवायचं ठरवूनही तिला हसू फुटलं.

"थापी द्या इकडे," म्हणत तिने ती कपाटात घालून कुलूप लावलं.

"आणि आठ दिवस मी करू काय?"

"मशीनना तेल द्या. जीभ नाही चालवली तरी चालेल."

गवंडी रोज येऊन मऊ फडक्याने मशीनं पुसू लागला. हात दिवसभर तेलात. तेल जास्त झालं म्हणून ती टोमणे मारी, भिंतीवर खिळा दिसला की तो उसासा सोडी. नवव्या दिवशी अंगठा पहिल्याच फटक्यात उमटला. कारकुनाने स्वतःहून चहा मागवला.

परतल्यावर मावशी थापी काढायला आत गेली. गवंडी आपणच घडवलेल्या पायरीशी थबकला, चपला काढल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं, "आत येऊ का?"

"थांबा," मावशी म्हणाली. पुढच्या खोलीत तिने उगाच एक चक्कर मारली, भिंतीवर हात फिरवला. मग दाराशी येऊन म्हणाली, "या."