धाकटीने राखलेली पाणथळ

धाकटी नगररचना कार्यालयात लागली, तेव्हा गॅरेजवाल्या दादाने अख्ख्या गल्लीला चहा पाजला होता. पुढे परिसराचा नवा आराखडा तिच्याकडे आला आणि दादा हरभऱ्याच्या झाडावरच चढला. बोळातलं गॅरेज त्याला पुरत नव्हतं. दोन ट्रक आले की एकाचं तोंड शेजाऱ्यांच्या दारात. गावाबाहेरच्या पाणथळीत भराव टाकून मोठी शेड उभारायची, हे त्याने ठरवूनच टाकलं. बहीण घरचीच, तिला काय अवघड?

"चल, आधी जागा बघू," ती म्हणाली.

दादा नवे बूट घालून आला आणि गुडघाभर चिखलात रुतला.

"सगळ्या गावाचं पाणी इथे येऊन थांबतं, दादा. इथेच मुरतं, मग खालच्या विहिरींना लागतं. या लव्हाळ्यावर चटया विणणाऱ्यांची घरं चालतात. भराव टाकलास तर पाणी जाईल कुठे?"

"कुठे?"

"आपल्याच बोळात."

"आणि आम्ही धंदा कुठे करायचा?"

"रस्त्यापलीकडच्या खडकाळ माळावर. तिथे धड पीक येत नाही, पाणीही फारसं मुरत नाही. तो भाग आराखड्यात वर्कशॉपसाठी दाखवतेय. मधला गवताचा पट्टा गुरांना."

दादाने कित्येक दिवस तिचा फोन उचलला नाही.

आराखड्यावरच्या सुनावणीला सभागृह खच्चून भरलं. पाणथळीतला एक जमीनमालक उठला. "बाई, आम्हाला अडवताय, भावाची सोय मात्र केली असेल!"

हशा पिकला. धाकटी बोलणार, तेवढ्यात मागून दादा उभा राहिला.

"त्या चिखलात शेड टाकायला सगळ्यात आधी मीच गेलो होतो. तिने मलाच हाकललं. तिथे तुमची काय डाळ शिजणार?"

मग धाकटीने शांतपणे समजावलं: ज्यांची जमीन पाणथळ म्हणून राखली जाईल, त्यांना माळावर बदली जागा. आराखडा मंजूर झाला. पाणथळीचा रस्त्याकडेचा एक तुकडा तेवढा तिला भरावापासून वाचवता आला नाही. त्याची हळहळ तिला अजून आहे.

दादा आता माळावर असतो. वाऱ्याने पत्रे वाजतात, चढावर ट्रक धापा टाकतात, तो कुरकुरतो. पण नवं गिऱ्हाईक आलं की बोनेट उघडायच्या आधी त्याला बाहेर नेऊन खालची पाणथळ दाखवतो.

"आमच्या धाकटीचं काम!" तो म्हणतो, आणि त्याचा आवाज सायलेन्सर काढलेल्या ट्रकसारखा माळभर घुमतो.