छावणीतला काटा आणि माझा बांबू

एका सरळ माणसाला मी भर रांगेत चोर ठरवलं, तेही शास्त्राच्या आधारानं. शास्त्र खरं होतं, माझा तराजूही खरा होता. खोटं काही असेल तर ती मीच. तिशीच्या आतली बाई मूर्खासारखं बोलली तर लोक हसून सोडून देतात. माझ्याकडे वजनं होती, म्हणून माझं बोलणं लोकांनी मनावर घेतलं.

वस्तूच्या पोटात काय आहे हे बघायची मला लहानपणापासून खोड. माहेरी भावाचं विज्ञानाचं पुस्तक त्याच्यापेक्षा माझ्याच हातात जास्त असायचं. सासरी आल्या आल्या मी घरातली एकुलती एक बॅटरी उघडली. ती पुन्हा काही बंद झाली नाही. विहिरीचा रहाट कशानं कुरकुरतो ते बघायला त्यात गोडेतेल ओतलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आमटीला फोडनी न्हाई आन् रहाटाला तेल. लई शिकलेली सून आनली बाई मी."

त्या दुष्काळात विहिरीला चिखलसुद्धा उरला नव्हता. मालक मांजरसुंब्याकडं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेलेले. सोसायटीनं वडवणीच्या अलीकडं गुरांची छावणी उघडली, तिथं मी आणि सासूबाई दोन बैल आणि एक गाय घेऊन राहायला गेलो. पोत्यांचं पाल, तीन दगडांची चूल, टँकरची वाट. वैरण म्हणजे वाढं, उसाचे हिरवे शेंडे. माजलगावाकडून ट्रक भरून यायचे. सकाळी रांग लागायची आणि सोसायटीचा काटेवाला ज्याची जेवढी जनावरं तेवढं तोलून द्यायचा. हा काटेवाला आमच्याच गावचा म्हातारा, सगळे त्याला आबा म्हणत. बी असो, खत असो, सोसायटीचं सगळं वर्षानुवर्षं त्याच्याच हातून तोललं जायचं. छावणीत त्याचीही एक गाय होती. ती इतरांच्या गुरांबरोबर दावणीला, आणि तिच्यासाठी आबा सगळ्यांच्या मागं, स्वतःची पेंढी शेवटी तोलायचा.

छावणीत माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत नसत, पेंढीकडं बघत. शेजारणीची पेंढी जाड दिसली की तिचं काटेवाल्याशी काहीतरी नातं निघायचं. 'काटा मारतात' हे सगळेच म्हणत, पुरावा कुणाकडं नव्हता. मला वाटलं, पुरावा काय, आपण तयार करू.

सरळसा बांबू बघून त्याच्या बरोबर मध्यावर दोरी बांधली, दोन टोकांना दोन पाट्या टांगल्या. वडवणीच्या बाजारात किराणा दुकानदाराच्या वजनांशी ताडून दगड ठरवले. तो म्हणाला, "बाई, दगड इकायला काढलेत का?" मी त्याच्याकडंही संशयानंच बघितलं. त्याची वजनं तरी खरी कशावरून?

रोज सकाळी वाढं आणायचं, पालापाशी टाकायचं, टँकरच्या पाण्याला उभं राहायचं, भाकरी करायच्या, आणि दिवस कलला की बैलांना घालायच्या आधी तोलायचं. भरलं कमी. दुसऱ्या दिवशीही कमी. पहिला संशय सासूबाईंवर आला.

"आत्या, दुपारचं गाईला चोरून घालता का?"

"घालीन की. पन आधी तुला चारा घालते, तुजंच डोस्कं हलकं झालंय."

मग एक दिवस मी हातात काठी घेऊन पेंढीशेजारी बसून राहिले. ऊन असं, की माझंच वाळवण झालं. एका शेळीला हाकललं, बाकी कुणी फिरकलंसुद्धा नाही. तरी सांजेला पेंढी हलकीच. मी हिशेब केला: मी स्वतः राखण केली, कुणी हात लावला नाही, म्हणजे चोरी पेंढी माझ्याकडं यायच्या आधीच झालेली. किती सुंदर तर्क. त्यात एकच गोष्ट राहिली, ती भर डोक्यावर तापत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत मी मोठ्यानं म्हटलं, "आबा, तुमचा काटा खोटा हाय."

आबा पारड्यातून हात काढून म्हणाला, "पोरी, मी मापून दिलंय."

"मीबी मापूनच बघितलंय. आन् पेंढीपाशी दिवसभर बसून बघितलंय."

रांगेत खसखस पिकली. कुणीतरी मागून म्हणालं, "बाईच्या जातीनं धरला की." आबानं पुढची पेंढी पारड्यात ठेवली.

सोसायटीच्या चेअरमनची जीप त्याच दिवशी आली. आबाला घरी बसवलं. आबाच्या जागी चेअरमनचा मेहुणा आला आणि त्याच्याबरोबर नवा चकचकीत तराजू. एवढ्या चटकन नवा काटा कुठून आला, एवढं तरी मला सुचायला हवं होतं. पण चेअरमन सगळ्यांदेखत म्हणाला होता, "अशा हुशार बाया पायजेत गावाला." जगावर संशय घेणाऱ्या मला, माझी तारीफ करणाऱ्यावर तो घ्यायचं काही सुचलं नाही.

आबानं आपली गाय सोडली आणि चालत घरी नेली. ज्या रांगेत चोर ठरलो, तिथं पसा पसरायचा नाही, एवढंच त्याचं म्हणणं. गावाकडून पाणी न्यायला येणाऱ्या बाया सांगायच्या, आबा गोठ्याच्या छपराचं पाचट उपसून गाईला घालतोय. अर्धं छप्पर संपलं म्हणे. मला वाटायचं, चोराला शिक्षा झाली, ठीक झालं. गाईचं मात्र मनातून जाईना.

नवा काटेवाला बोलायला मधाळ. "घ्या वहिनी, तुमीच बघून घ्या, काटा कसा सरळ हाय." काटा सरळ दिसायचा, पण पेंढी हाताला हलकी लागायची. या खेपेला सांजेपर्यंत दम धरवला नाही. रांगेतून तशीच पालात आले आणि लगेच तोललं. कमी. मला आनंदच झाला. सांजेला सगळ्यांना दाखवू म्हणून तीच पेंढी तशीच ठेवली आणि पुन्हा तोलली.

सकाळपेक्षाही किती तरी कमी.

तीच पेंढी, तोच बांबू, तेच दगड. मी एक शेंडा हातात घेतला. सकाळी तो काटकन मोडायचा आणि बोटं ओली करायचा. आता दोरीसारखा वळला. ओलं लुगडं वाळत घातलं की हलकं होतं, हे मला जन्मापासून ठाऊक. वाढ्यालाही पाणी असतं हे कळायला मला एक म्हातारा घरी बसवावा लागला.

सासूबाईंना सांगितलं. त्या चुलीपुढून न उठता म्हणाल्या, "म्हंजे आबानं न्हाई खाल्लं?"

"न्हाई."

"मग कुनी खाल्लं?"

"उन्हानं."

"आन् ह्या मेव्हन्याच्या टायमाला?"

"ऊन दुपारी खातंय. ह्यो सकाळीच खातोय."

रांगेत मी नव्या काट्याचं बोलले तर लोक हसले. एक जण म्हणाला, "तुजं रोजचंच झालंय. उद्या टँकरचं पानीबी वाकडं म्हनशील." आता बोलून उपयोग नव्हता, दाखवावं लागणार होतं. मी त्या तराजूकडं टक लावून बघत बसायची. रिकामी पारडी अगदी सारखी उभी राहात. वाढं मात्र तो नेहमी एकाच पारड्यात टाकायचा, चुकूनसुद्धा दुसऱ्यात नाही. त्या बाजूची दांडी मला बोटभर लांब दिसली. पालात येऊन मी माझ्या बांबूची दोरी मध्यावरून किंचित सरकवली. लांब बाजू खाली गेली. आखूड बाजूच्या पाटीत एक ढेकूळ टाकलं, बांबू आडवा झाला. बघणाऱ्याला अगदी सच्चा. मग लांब बाजूच्या पाटीत मी माझंच वाढं तोललं आणि मीच मला चांगलं फसवलं.

सकाळी मेहुणा चहाला उठला तेव्हा मी पुढं झाले. त्याच्याच वजनांपैकी पाच किलोचं एक वजन एका पारड्यात ठेवलं, पाच किलोचं दुसरं दुसऱ्या पारड्यात. वाढ्याचं पारडं खाली जाऊन टेकलं.

सासूबाई मागून निरागसपणानं म्हणाल्या, "पाच आन् पाच सारखे नसत्यात व्हय गं? आमच्या काळी असायचे."

लोक कोंडाळं करून आले. कुणी वजनं अदलाबदल करून ठेवली, तरी तेच पारडं खाली. मेहुणा चहाचा गलास घेऊन परतला आणि म्हणाला, "वारा हाय." बाभळीचं पान हलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी नवा तराजू नाहीसा झाला, सोसायटीचा जुना आला. मेहुणा मात्र राहिला. चेअरमन जीपमधून जाताना माझ्याकडं न बघता गेला.

मला वाटलं, फिटलं. आमच्या वाट्यातली एक पेंढी घेऊन मी गावात आबाच्या घरी गेले. गोठ्याचे वासे उघडे पडले होते. गाय खांब चाटत उभी होती. बरगड्या मोजता आल्या असत्या, मी मोजल्या नाहीत. आबानं आधी पेंढी सोडून गाईपुढं टाकली, मग उंबऱ्यावर बसला.

मी सगळं सांगितलं. ऊन, वाळलेलं वाढं, माझा दिवसभराचा पहारा. पाच किलोची गोष्ट तर जरा रंगवूनच सांगितली. म्हटलं, "तुमचाच काटा परत आलाय, आबा. गाय घेऊन चला."

त्यानं विचारलं, "ही उन्हाची गोष्ट रांगेत सांगितलीस का?"

नव्हती सांगितली. दुसऱ्याची चोरी मी अख्ख्या छावणीला दाखवली होती. माझी चूक सासूबाईंच्या आणि आता आबाच्या, एवढ्याच कानांवर घातली होती. मी म्हटलं, "कळंल की लोकांना हळूहळू."

आबा गाईकडं बघत म्हणाला, "मला सांगून काय उपेग, पोरी? मी चोर न्हाई हे मला ठावं हाय. जिथं चोर म्हनलीस तिथं उभी ऱ्हा आन् तिथं सांग. सकाळी सांग, रांग भरल्याली असती तवा. मग गाय आनतो."