अ‍ॅम्पवरचा गोल ओरखडा

जुना अ‍ॅम्प लावला, तापलेल्या धुळीचा वास आला आणि मी लातूरच्या गल्लीत पोचलो. जिल्हा नवा होता, दुष्काळ जुनाच.

नांदेडचा दुकानदार म्हणाला होता, "स्टील गिटार शिकूनच राहिले ना? मग लहान अ‍ॅम्प घ्या, इको कशाला?" मी मोठाच आणला, वर आवाज घुमवणारा इकोही घेतला, चुका झाकायला.

भर दुपारी दार उघडं टाकून वाजवलं. त्यात टँकरचा भोंगा गल्लीत कुणालाच ऐकू आला नाही. टँकर निघून गेला.

शेजारच्या शांताकाकूंनी रिकामी घागर अ‍ॅम्पवर आदळली. "लई गोड वाजवलंस बाबा. आता ही भरून दे."

मी नुसतं बटण बंद केलं. लाजसुद्धा वाटली नाही.

आज घागरीच्या बुडानं उठलेल्या त्या गोल ओरखड्यावरून बोट फिरवलं, तरी काही वाटत नाही. इको मात्र तेव्हापासून शून्यावरच आहे.