रत्नाचं रिलिव्हिंग लेटर

लाज वाटते, पण सांगतो. राजुरीजवळ दूध थंड करायच्या टाक्या बनवणाऱ्या कंपनीत मी एकोणीस वर्षं ऑफिस सांभाळतोय. सगळ्यांच्या बॉन्डच्या फायली माझ्याच कपाटात.

रत्ना घाटघरची. अवसरीला शिकून इंजिनिअर झाली आणि आमच्याकडं लागली. लई हुशार पोरगी, राव! टाकीवर नुसता हात ठेवून बिघाड कुठं आहे ते सांगायची. तीन वर्षांनी तिला नाशिकला टाक्यांच्याच कंपनीत चांगली नोकरी मिळाली. तिनं महिन्याची नोटीस दिली. एक तारखेला तिथं हजर व्हायचं, तेही आमच्याकडून मोकळं केल्याचं रिलिव्हिंग लेटर घेऊनच.

मालक म्हणाले, "सोमनाथ, लेटर देऊ नको. बॉन्डात लिहिलंय, दोन वर्षं टाक्यांच्या दुसऱ्या कंपनीत जायचं नाही. जरा भीती घाल."

आता खरं ऐका. नोकरी सोडल्यावर माणसाला दुसरीकडं काम करण्यापासून अडवता येत नाही, बॉन्डातली ती ओळ कोर्टात टिकत नाही, हे वकिलानं पूर्वी माझ्यादेखत सांगितलं होतं. रत्नाशी ऑफिसात बोललो असतो तर तिनं चार प्रश्न विचारले असते. म्हणून मी शहाणा थेट घाटघरला गेलो, तिच्या बापाकडं.

भागूभाऊंनी पाय धुवायला पाणी दिलं, नाचणीची भाकरी वाढली. मी म्हणालो, "पोरगी बॉन्ड मोडतीय. कोर्टाचा कागद घरी येईल." त्यांचा घास हातातच राहिला.

"पावणं, तुमी एवढ्या लांब आलात. तुमचा शब्द खाली पडू देनार न्हाई."

सुट्टीला घरी आलेली रत्ना दारात उभी होती. "काका, खरंच अडवता येतं?"

"येतं," मी म्हणालो. त्यांची भाकरी तोंडात असताना!

एक तारीख गेली, नाशिकची जागाही गेली. त्यानंतर वर्षभर ती खाली मान घालून कामाला आली. रोज मला "नमस्कार काका" म्हणायची. मग एक दिवस लेटर न मागताच निघून गेली. लेटर नाही म्हणून कुठल्या कंपनीनं घेतलं नाही. आता जुन्नरात टाक्या दुरुस्त करते.

गेल्या आठवड्यात माझी लेक हर्षाली रडत घरी आली. तिच्या कंपनीनंही असंच लेटर अडवलंय. जुन्नरात अशीच लेटर अडकलेली एक जण आहे, असं कुणीतरी सांगितलं म्हणून ती रत्नाला भेटून आली होती.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"चहा दिला. म्हणाली, तुझ्या वडलांना विचार, माझ्या वेळी त्यांनीच घरी येऊन सांगितलं होतं. पप्पा, काय सांगितलं होतं?"

"अडवता येतं, असं."

"आणि येतं?"

"नाही."

हर्षालीनं डोळे पुसले. मग माझ्यापुढं कोरा कागद ठेवला. "आधी तिचं लेटर लिहा. मालकाची सही उद्या आणा. माझं नंतर बघू."

पेन हातात घेतलं. तारीख कोणती टाकावी, तेच मला कळेना.