लावते गो!

काकीला मिक्सर लावायचा असला की ती आधी साऱ्या घराला विचारायची. पडवीच्या टोकाला उभी राहून, कमरेवर हात ठेवून ती हाळी द्यायची, "लावते गो!" मग तिन्ही दारांतून जबाब येईपर्यंत थांबायची. कुणी हातातली इस्त्री बंद करायचं, कुणी पंखा. "लाव गो!" असं तिन्हीकडून आलं की मगच ती बटण दाबायची आणि खोबऱ्याचं वाटण सुरू व्हायचं. काकीकडे आज कालवण आहे हे त्या हाळीवरून पलीकडच्या आळीतही कळायचं.

तारापूरच्या पुढे, समुद्राच्या अंगाला तिचं कौलारू घर होतं. एका ओळीत चार खोल्या, पुढे लांब पडवी आणि अंगणात वलांडी, म्हणजे बोंबील सुकवायची आडव्या बांबूंची उंच मांडणी. नवरा कधीच वारलेला, मुलगी सातपाटीला दिलेली. एका खोलीत काकी राहायची, उरलेल्या तीन खोल्यांत आम्ही भाडेकरू. माझ्या नवऱ्याची नोकरी बोईसरच्या कारखान्यात, म्हणून मी लग्न होऊन साताऱ्याकडून थेट याच घरात आले. शेजारी विदर्भातल्या वहिनी, त्यांचे यजमान आणि दोन मुली, आणि शेवटच्या खोलीत उत्तरेकडून आलेला रामप्रसाद, एकटाच.

चार खोल्यांना मिळून विजेचा मीटर एकच होता. काकीच्या नवऱ्यानं तो घेतला तेव्हा घरात दोन दिवे आणि एक रेडिओ, एवढाच संसार होता. त्याच बारीक तारेवर आता चार घरांचे पंखे, इस्त्र्या, मिक्सर आणि वहिनींचा टीव्ही येऊन बसले होते. "मीटर म्हातारा झालाय," काकी सांगायची. "त्याच्या डोक्यावर एका वेली एकच टोपली द्यायची." म्हणून घराचा कायदा असा की जड काही लावायचं तर हाळी द्यायची, बाकीच्यांनी आपलं बंद करायचं आणि मग जबाब द्यायचा. वडीलधाऱ्या बाईला "लाव गो" म्हणायला माझी सातारी जीभ रेटेना. मी आपली "लावा काकी" म्हणायची. ती एक दिवस म्हणाली, "अहो-जाहो करू नको, मला हापिसात बसल्यासारखं वाटतं." तेव्हापासून ती मला 'तू' झाली ती कायमची. रामप्रसाद मात्र शेवटपर्यंत हिंदीतच विचारायचा, "काकी, लगाऊँ क्या?" आणि आम्ही त्यालाही "लाव गो" म्हणायचो. तो लाजायचा.

हाळी न देता कुणी काही लावलं आणि फ्यूज उडाला, तर दंड ठरलेला होता. त्यानं स्टोव्हवर सगळ्यांसाठी चहा करायचा. सगळे पडवीत येऊन बसायचे, काकी लसूण सोलत गाव-परगावच्या बातम्या सांगायची, वहिनींच्या मुली अभ्यास सोडून मधे मधे बोलायच्या. रामप्रसाद फ्यूजला नवी तार बांधायचा आणि मुद्दाम वेळ लावायचा. दिवे आले की आम्हाला थोडं वाईटच वाटायचं.

एकदा थंडीत सकाळी फ्यूज उडाला. काकी दारोदार फिरली, सगळ्यांनी कानावर हात ठेवले. आमचे हे तर अंगावर चादर ओढून झोपेचं सोंग घेऊन पडले होते. काकी आत आली, मोरीतल्या बादलीत बोट बुडवलं आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, पाणी तापलंय नि माणूस घोरतोय. ऊठ, चहा ठेव." पाणी तापवायचा रॉड यांनी पलंगाखाली ढकलला होता, त्याचं टोक बाहेर दिसत होतं. पुढे कित्येक दिवस यांना कारखान्याला निघताना पाहिलं की काकी विचारायची, "पाणी कसं होतं आज?"

तिचं बोलणं असंच, हसता हसता टोचणारं. पडवीतून दूरवर वीज केंद्र दिसायचं, रात्री तिकडचं आभाळ उजळलेलं असायचं, आणि इथे आम्ही इस्त्रीसाठी रांग लावलेली. पाहुण्यांना ती बोटानं दाखवून सांगायची, "वीज आमच्यात जल्माला येते नि नांदायला जाते मुंबईला. माहेराला सवड गावली तर येते." आणि आपल्याच बोलण्यावर पदर तोंडाला लावून हसायची.

या सुखी कायद्याला पहिला तडा गेला तो वहिनींच्या फ्रीजमुळे. फ्रीज आला त्या दिवशी काकीनं त्याला हळदकुंकू लावलं, आत हात घालून गारवा बघितला. पण फ्रीजला हाळी देता येत नव्हती. त्याच्या मनात येईल तेव्हा तो घुर्र करून सुरू व्हायचा, नेमकी त्याच वेळी कुणाची इस्त्री तापलेली असायची आणि घर अंधारात. "ह्यो कोणाला इचारतच नाय," काकी फ्रीजकडे बघून म्हणायची. चहाचा दंड कुणी भरायचा हेही कळेना. वहिनी बिचाऱ्या दर वेळी ओशाळून स्टोव्ह पेटवायच्या. शेवटी त्यांचे यजमान म्हणाले की बोईसरला स्वतंत्र मीटर असलेला ब्लॉक बघतो. माझ्याही मनात तेच घोळत होतं, कारण यांना टीव्ही घ्यायचा होता.

त्या संध्याकाळी काकी जेवली नाही. मी विचारायला गेले तर म्हणाली, "भाड्याचं नाय गो. तुमी तीन दारं गेलात तर मी हाळी कोणाला देऊ?" मी तिच्याजवळ बसून तिचा लसूण सोलू लागले.

दुसऱ्या दिवशी तिनं सफाळ्याचा एक वायरमन बोलावून आणला. त्यानं बोर्ड उघडून बघितलं आणि मान हलवली. "काकी, खांबावरून येणारी तार बारीक, आतली त्याहून बारीक. फ्यूजची तार जाड केली तर फ्यूज नाय उडणार, घर पेटेल. थ्री फेज घ्या, नवी वायरिंग करा, चौघांना चार मीटर लावा." काकी पातळ सावरून वीज कचेरीत गेली, मला सोबत घेऊन. तिथल्या साहेबांनी विचारलं, "थ्री फेज? कारखाना काढताय का?" काकी म्हणाली, "नाय सायेब. माणसं राखायचीत." साहेबांनी अर्ज पुढे केला.

पाहणीला लाईनमन आला तो दारातच थबकला. खांबावरून घरापर्यंत जी तार आली होती, तिला आधार देणाऱ्या लोखंडी तारेवर बोंबलांच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून ओळीनं लोंबत होत्या. वलांडी भरली की काकी उरलेले बोंबील काठीनं तिथे चढवायची. खाऱ्या पाण्यानं ती तार गंजून लाल झाली होती. लाईनमन कपाळाला हात लावून म्हणाला, "काकी, ही काय दोरी हाय? जीव जाईल एखाद्या दिवशी." काकी म्हणाली, "मग वारा किती छान लागतो तिथं." पण काठी घेऊन तिनं एकेक जोडी उतरवली, आणि लाईनमन निघाला तेव्हा त्याच्या पिशवीत त्यातल्याच काही जोड्या होत्या.

खरी अडचण पुढे होती. थ्री फेजसाठी नवा खांब लागणार होता, आणि तो उभा करायला जागा एकच, अंगणात वलांडी होती तिथे. ही वलांडी तिच्या सासूच्या वेळची. बांबू बदलले असतील, जागा बदलली नव्हती. माझा अंदाज होता की काकी आता माघार घेईल. तिनं वलांडीभोवती एक फेरी मारली, एका बांबूवरून हात फिरवला आणि म्हणाली, "बोंबील काय, शेजारणीच्या वलांडीवर पण सुकतील." रामप्रसाद आणि यांनी मिळून ती सोडवली. काकी त्या वेळी आत जाऊन भांडी घासत बसली होती.

नवी वीज आली तेव्हा आम्ही नारळ फोडला. भिंतीवर चार मीटर ओळीनं बसले. काकीनं फर्मान काढलं, "आज सगळ्यांनी सगळं लावा." पंखे, इस्त्र्या, मिक्सर, टीव्ही, फ्रीज, सगळं एकदम सुरू झालं आणि दिवा जरासुद्धा मंदावला नाही. वहिनींच्या मुली नाचल्या. काकी टाळ्या वाजवत होती, डोळे पुसत होती. ब्लॉक बघायचं वहिनींनी सोडून दिलं, आम्ही टीव्ही घेतला.

पण फ्यूज उडेना, तेव्हा पडवीत येऊन बसायला कारणही उरेना. संध्याकाळी चार दारांमागे चार आवाज चालू असायचे. काकी मात्र मिक्सर लावण्याआधी हाळी द्यायची. सुरुवातीला आम्ही हसून जबाब द्यायचो. मग टीव्हीच्या आवाजात कधी ऐकू यायचं, कधी नाही. तिनं त्याबद्दल कुणाला बोल लावला नाही.

तिनं इतकं करून राखलेली माणसं शेवटी गेलीच, फक्त विजेपायी गेली नाहीत. वहिनींच्या यजमानांची बदली झाली. रामप्रसाद गावी लग्नाला गेला तो तिकडेच राहिला. आमचा मुलगा शाळेचा झाला तसे आम्ही पालघरला आलो. निघताना काकीनं पिशवीत सुकट भरून दिली आणि एवढंच म्हणाली, "तिथं वीज बरी हाय ना?"

जाणं-येणं सुरू होतं, मग संसारात ते विरळ झालं. आमची शेवटची भेट दिवाळीनंतरची. करंज्यांचा डबा घेऊन मी एकटीच गेले होते. अंगणात खांब उभा होता, तीन दारांना कुलपं होती, आणि भिंतीवरच्या चार मीटरांपैकी एकाचंच चाक फिरत होतं. मी फाटकाशी पोहोचते तोच पडवीच्या टोकाकडून हाळी आली, "लावते गो!" काकी वाकली होती, पण कमरेवर हात तसाच होता. तिची पाठ माझ्याकडे होती. ती थांबून राहिली होती.

तिथूनच मी ओरडले, "लाव गो!"

काकी दचकली नाही. हळूहळू वळली, डोळ्यांवर हात धरून तिनं मला बघितलं. मी जवळ जाऊन तिचे हात धरले, ते खोबऱ्यानं ओले होते. मी विचारलं, "काकी, घरात कोणी नाही, मग हाळी कुणाला देतेस?"

"सवय गो," ती म्हणाली. "हाळी द्यायची, थोडा वेल थांबायचं. मग लावायचं."

"आणि जबाब नाही आला तर?"

"आज आला नाय का," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं मिक्सर लावला.