सुमनचा यमन

संगणकाच्या पडद्यावरची हिरवी पट्टी वर-खाली होत होती, म्हणजे गाणं चालू होतं; पण स्पीकरमधून काहीच ऐकू येत नव्हतं. घशाच्या ऑपरेशननंतर माझ्या बायकोचा, सुमनचा, गाता आवाज गेला होता. उरली होती ती कुजबूज. तिनं पूर्वी गायलेला यमन संगणकात होता आणि आज तिला तो ऐकायचा होता. मी मात्र नुकतीच त्यावर लिनक्स ही नवी प्रणाली घातली होती आणि तेव्हापासून त्याचा आवाज बंद होता.

संगणकाला साउंड कार्ड सापडत होतं, आवाज वाढवलेला होता, कार्ड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅमही पुन्हा घालून पाहिला. संगणक म्हणत होता, सगळं व्यवस्थित आहे. डॉक्टरही तेच म्हणाले होते, घसा अगदी बरा झालाय. सगळं व्यवस्थित असताना जे हरवतं, ते शोधायचं तरी कुठे?

सुमन पट्टीकडे बघत मांडीवर ठेका धरून बसली होती.

"इथे बघ," ती कुजबुजली, "इथे मी निषादावर किती वेळ थांबले होते."

"तुला ऐकू येतंय?"

"मला येतंय रे. तुला येत नाही, त्याचं वाईट वाटतं."

मी कीबोर्डवरचे हात काढून घेतले आणि तिच्या शेजारी नुसता बसून राहिलो.